अपरिचित तंत्राचे कंत्राट

एका जुन्या वाङ्मयीन नियतकालिकाच्या चालकांनी, त्यांच्या दफ्तरी संगणकाच्या फायलींत साठलेले अनेक वर्षांचे अंक युनिकोडमध्ये उतरवून देण्याचे काम मला देऊ केले, तेव्हा माझी सारी हयात सहकारी पतसंस्थांच्या हिशेबाच्या आज्ञावली लिहिण्यात गेली होती, आणि अक्षरांच्या संकेतनाशी माझा परिचय जवळजवळ नव्हताच. परंतु ज्या फाँटात तो मजकूर रचलेला होता तो फाँट चालविणारी यंत्रे मोडीत निघाली, की एवढा वाङ्मयसंग्रह निरर्थक चिन्हांचा ढीग होऊन राहणार, हे ध्यानी आल्यावर नकार माझ्याच्याने देववेना.

ज्याचे मला ज्ञान नव्हते त्याचा उल्लेख मी करारनाम्याच्या मसुद्यातच स्पष्टपणे केला. कामाचे दोन भाग पाडले. पहिल्या भागात निवडक अंकांचे परिवर्तन करून अडचणींचा लेखी अहवाल द्यावा व त्याचा मेहनताना निराळा असावा. तो अहवाल पाहून उभयपक्षी समाधान झाले, तरच पुढील भागाचा दर आणि मुदत ठरवावी. मूळ फायलींना हात न लावता प्रतींवरच काम व्हावे, शुद्धाशुद्धतेचा अखेरचा निर्णय संस्थेच्या मुद्रितशोधकांचा असावा, आणि तयार होणारा अक्षरांचा तक्ता आज्ञावलीसह संस्थेच्या मालकीचा व्हावा, अशीही कलमे घातली. अज्ञान झाकून मोघम मुदत कबूल करणारा मनुष्य पुढे घाईला जुंपला जातो, आणि घाईत कोणतेही नवे शास्त्र आत्मसात होत नाही. शिकण्याला करारातच जागा राखली म्हणजे ते उघडपणे करता येते आणि कोणाची फसगत होत नाही.

युनिकोडची पहिली आवृत्ती आणि भारतीय लिपींसाठीचे इस्की हे राष्ट्रीय मानक, ही दोन्ही १९९१ सालची. तथापि डीटीपीच्या व्यवसायात दीर्घकाळ चालले ते प्रत्येक निर्मात्याने आपल्या सोयीने रचलेले फाँट. जुळाऱ्याच्या केसमधील खिळ्यांप्रमाणे त्यांच्या २५६ घरांत अक्षरांचे तुकडे बसविलेले असत: अर्धा म, सुटा दंड, कमीअधिक रुंदीच्या वेलांट्या, अनुस्वारासह रफार. हे तुकडे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठविलेले. युनिकोडमध्ये मात्र वर्ण उच्चाराच्या क्रमाने येतात, आणि त्यांना दृश्य आकार देण्याचे काम फाँटकडे असते. ‘स्थिती’ या शब्दातील पहिली वेलांटी जुन्या फायलीत सर्वांच्या आधी उभी असते. तिला स आणि थ हे दोन्ही वर्ण ओलांडून पलीकडे न्यावे लागते. ‘सर्वांना’मधील रफाराची वाट याच्या उलट, तो काना आणि व यांना मागे टाकून व्यंजनाच्या पूर्वी जाऊन बसतो.

हे नियम आज्ञावलीत मांडण्यासाठी मला पायथन ही भाषा नव्याने शिकावी लागली, आणि ती पुस्तकांवरून शिकता आली. पण कोणत्या घरात कोणता तुकडा आहे, हे सांगणारे पुस्तक नव्हते. तेव्हा ती सर्व घरे कागदावर छापून घेऊन मी संस्थेच्या वयोवृद्ध मुद्रितशोधकांपुढे बसलो. संगणकाचा त्यांना गंधही नव्हता. परंतु ज्या दोन वेलांट्या मला एकच वाटत होत्या त्या कोणकोणत्या व्यंजनांसाठी आहेत, हे त्यांनी पाहताक्षणी सांगितले. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील रकारांचा भेद सांभाळा, असेही त्यांनीच बजावले. या दुसऱ्या रकारासाठी युनिकोडमध्ये ‘ऱ’ हा स्वतंत्र वर्ण योजावा लागतो; एरवी समुद्र आणि डोंगरांतील दऱ्या एकाच लेखनात विलीन झाल्या असत्या. पुढे तपासणीसाठी आम्ही साऱ्या मजकुरात एकदाच आलेल्या शब्दांची यादी काढली, कारण परिवर्तनातील दोष बहुधा अशाच एकाकी रूपांत दडलेला असतो. मजकुरात मधूनच येणारे इंग्रजी शब्द, त्यांचा फाँट निराळा असूनही, देवनागरी समजून फिरविले जात आहेत, हे त्या यादीनेच उघड केले. मग मजकुराच्या प्रत्येक तुकड्याचा फाँट आधी वाचून मगच त्याला नियम लावावा, अशी तजवीज केली.

अहवाल मान्य झाला, दुसरा करार झाला, आणि काम मुदतीत तडीस गेले. आज ते अंक कोणत्याही साध्या यंत्रावर उघडतात आणि त्यांतील हवा तो शब्द शोधता येतो. तंत्र नवे असले, तरी ज्या वस्तूला ते लावायचे ती पुष्कळदा जुनी असते, आणि तिचे मर्म जाणणारा कोणीतरी त्याच कचेरीत, बहुधा दुर्लक्षित असा, बसलेला असतो. त्याला गाठणे, त्याच्यापुढे आपले प्रश्न संकोच न धरता मांडणे, आणि त्याच्या वेळेचा मोबदला अंदाजपत्रकात धरणे, हे कंत्राटदाराचे कर्तव्यच होय. मुद्रितशोधकांच्या मेहनतान्याचे कलम आमच्या दुसऱ्या करारात मी आग्रहाने घातले, आणि त्यानंतर अपरिचित तंत्राचे जे जे काम पत्करले, त्याच्या मसुद्यात जाणकाराचा मोबदला पहिल्या पानावरच नोंदवीत आलो आहे.