त्वचेखालचें यंत्र

गेल्या पावसाळ्यांत एका सायंकाळीं, शाळा सुटल्यावर, इयत्ता नववींतील एक विद्यार्थी वही घेऊन माझ्याकडे आला. वहींत एका यंत्राचा आराखडा होता. तापमान ओळखणारा इवलासा घटक, बटणाएवढी बॅटरी, आणि मोबाइलला वार्ता धाडणारी चिप. हें सारें राळेंत बंद करून दंडाच्या त्वचेखालीं बसवावयाचें, असा त्याचा बेत होता. प्रथम स्वतःच्या, मग चार वर्षांच्या भावाच्या. भावाला ताप चढला कीं झटके येतात; आई रात्रपाळीला असते; निजलेल्या मुलाचा ताप कोणास कळणार?

मी हंसलों. त्याची मला अजून लाज वाटते, कारण मुलानें वही तत्काळ मिटली.

"सर, अमेरिकेंतल्या एकानें हें केलें आहे," तो म्हणाला.

तें खरें होतें. पिट्सबर्ग येथील टिम कॅनन ह्या गृहस्थानें २०१३ सालीं, आपल्या मंडळींनीं घडविलेलें 'सर्केडिया' नांवाचें यंत्र हाताच्या कातडीखालीं बसवून घेतलें. तें शरीराचें तापमान मोबाइलला कळवी, व त्याची बॅटरी कातडीबाहेरूनच भारतां येई. बसविणारा वैद्य नव्हता. गुंगीचें औषधहि नव्हतें. सुमारें तीन महिन्यांनीं तें काढण्यांत आलें. मुलाला ह्या गोष्टीचा पूर्वार्धच तेवढा ठाऊक होता.

माझ्या वडिलांच्या छातींत, गळ्याच्या हाडाखालीं, सहा वर्षें पेसमेकर आहे. त्याचा एक पूर्वजहि घरगुतीच! न्यूयॉर्क राज्यांतील विल्सन ग्रेटबॅच ह्या अभियंत्यानें हृदयाचे ध्वनि टिपण्याचें यंत्र करतांना चुकून भलताच रोधक जोडला. मंडल क्षणभर स्पंद देई, सेकंदभर स्वस्थ राही, पुन्हा स्पंद देई. ही तर हृदयाची चाल, हें त्यानें ओळखलें. पदरचे २००० डॉलर घेऊन घरामागील कोठारांत त्यानें ५० यंत्रें हातानें घडविलीं. प्रारंभीं कुत्र्याच्या शरीरांत बसविलेलें यंत्र वीजकामाच्या चिकटपट्टीनें गुंडाळलें होतें. अंगांतील द्रव आंत शिरून तें चार तासांत बंद पडलें. पुढें राळेचें वेष्टण आलें, आणि १९६० सालीं तीं यंत्रें माणसांत बसविलीं गेलीं, पण डॉ. विल्यम चार्डॅक ह्या शल्यविशारदाच्या हातून. आज वडिलांचें यंत्र टायटॅनियमच्या सांधबंद डबींत आहे.

हें ऐकून मुलानें वही पुन्हा उघडली. "चारच तास?"

"तुझें किती टिकतें, पाहूं या."

त्यानें तीन नमुने केले. एक लिटर पाण्यांत ९ ग्रॅम मीठ घातलें कीं खारटपणा रक्ताच्या जवळपास येतो. त्या पाण्याच्या बरण्या आम्हीं दिव्याच्या उबेच्या लांकडी पेटींत ठेवल्या. पारा ३७ अंशांवर राखण्यासाठीं पोरगा मधल्या सुटींत डबा सोडून धांवत येई. पहिला नमुना दुसऱ्या सकाळींच मुका झाला. राळेंत एक बुडबुडा राहिला होता. दुसरा चार दिवस बोलला. तिसरा अकराव्या दिवशीं थांबला. तो कापला तेव्हां तांब्यावर हिरवट पुटें चढलेलीं दिसलीं, आणि बॅटरीच्या कडेतून कांहींतरी तपकिरी पाझरलें होतें.

मुलगा बराच वेळ पाहत राहिला. "हें धाकट्याच्या दंडांत असतें," एवढेंच तो म्हणाला.

पुढच्या शनिवारीं आम्हीं दोघे त्याच्या भावाच्या डॉक्टरांकडे गेलों. ताप लवकर कळला तरी झटका टळेलच असें नाहीं, हें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. झटका आल्यास मुलाला कुशीवर निजवावें, तोंडांत कांहीं घालूं नये, आणि पांच मिनिटांत न थांबल्यास थेट रुग्णालय गांठावें. मुलानें हें वहींत आराखड्याशेजारींच लिहून घेतलें. (पालकांनींहि लिहून ठेवावें.)

आतां तेच घटक एका कापडी पट्ट्यांत शिवले आहेत. पट्टा धाकट्याच्या काखेखालीं येतो, व घंटा आजीच्या उशाशीं वाजते. पहिल्या आठवड्यांत ती दोनदां वाजली. एकदां खराच ताप होता. एकदां नुसती गोधडी. आजी दोन्ही वेळां सारखीच रागावली म्हणे.