बॅटरीची परीक्षा

चौतीस वर्षें मीं मुलांच्या परीक्षा घेतल्या. पण परीक्षा कशासाठीं असते, हें निवृत्तीनंतर एका बॅटरीनें मला शिकविलें. वाचकांच्या घरींही अशी वस्तु असण्याचा संभव आहे, म्हणून ही हकीकत लिहितों.

आमच्या नगरच्या, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरच्या, घरांत धाकट्या बंधूंचे चिरंजीव विजेच्या दुचाकीनें कॉलेजांत जातात. तिची बॅटरी काढून आणून माजघराच्या दारापाशीं रात्रभर चार्ज होत असे. गेल्या वर्षीं ती क्षीण झाली. नवी महाग, एका दुकानदारानें जुने घट पुन्हा जुळवून केलेली बॅटरी अर्ध्या किंमतींत देऊं केली. पुतण्या घुटमळला. "गाडी चालली म्हणजे झालें," असें म्हणून मींच संमति दिली.

पुढें एके रात्रीं गोडसर, उग्र वास आला. पाहतों तों बॅटरी फुगलेली आणि तापलेली! माजघरांत नव्वदीच्या मातोश्री निजलेल्या. वीज बंद केली, त्यांना उचलून बाहेर आणलें आणि सर्व कुटुंबानें ती रात्र अंगणांत काढली. आग लागली नाहीं, ही ईश्वराची कृपा.

दुसऱ्या दिवसापासून मी या विषयाच्या मागें लागलों. लिथियम-आयन घटांत दोन ध्रुवांच्या मध्यें एक पातळ सच्छिद्र पडदा असतो आणि आंतील द्राव ज्वालाग्राही असतो. पडदा फाटला कीं घटाच्या पोटांतच शॉर्ट होतो, उष्णतेनें उष्णता वाढते आणि एका घटाची आग शेजारच्यास लागते. जपानच्या अकिरा योशिनो यांनीं १९८५ सालीं व्यवहारांत चालेल असा घट घडविला व त्यावर लोखंडाचा जड तुकडा टाकून पाहिला. शुद्ध लिथियमच्या घटाचा तशाच आघातानें स्फोट झाला. यांच्या घटाला कांहीं झालें नाहीं. २०१९ सालीं गुडइनफ व व्हिटिंगहॅम यांजबरोबर त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

वाहनांच्या परीक्षेचा अधिकार असलेली संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था आमच्याच नगरांत आहे. तशीच पुण्याची एआरएआय. २०२२ सालीं पुण्यासह अनेक ठिकाणीं विजेच्या दुचाकी जळाल्या, तेव्हां सरकारनें एआयएस-१५६ हें मानक अधिक कडक केलें आणि १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांनीं तें लागू केलें. त्यांत बॅटरीला कंप देतात, उष्ण व थंड हवेंत आलटून पालटून ठेवतात, काढतां येण्याजोगी असल्यास १ मीटरवरून काँक्रीटवर पाडतात, बाहेरून शॉर्ट करतात, मर्यादेबाहेर चार्ज करूं पाहतात, ज्वाळेवर धरतात. एक घट मुद्दाम बिघडवून आग पसरते काय, हेंही पाहतात. कार्यक्षमतेची परीक्षा निराळी: वीज किती सांठते आणि शेंकडों फेऱ्यांनंतर किती उरते.

जुने नीतिकार सोनें घासून, कापून, तापवून व ठोकून पारखावयास सांगतात. पण परीक्षेनंतर सोनें सोनेंच राहतें. बॅटरी मात्र अशा परीक्षेंत बहुधा निकामी होते. म्हणून आपल्या घरीं येते ती परीक्षा दिलेली बॅटरी नव्हे, तिचें उत्तीर्ण झालेलें भावंड. कारखान्यानें दोन्ही सारखींच घडविलीं, एवढाच आपला विश्वास. आमच्या बॅटरीला असें भावंडच नव्हतें. शिवाय 'गाडी चालते' हें कार्यक्षमतेचें उत्तर झालें, सुरक्षिततेचें नव्हे. एका प्रश्नाचे गुण दुसऱ्या प्रश्नास देणाऱ्या परीक्षकाला मीं कधींच क्षमा केली नसती!

आतां प्रमाणित बॅटरी आणली आहे. प्रवासाहून आल्यावर ती निवूं देतों. मग तिच्याच चार्जरनें, ओटीवर, वाट न अडवितां, माणसें जागीं असतांना ती चार्ज होते. फुगीर दिसली, तापली किंवा वास आला, तर ती वापरावयाची नाहीं, असा घरचा नियम झाला आहे.

मातोश्रींना मीं खरें सांगितलें कीं, ती पेटी माझ्याच संमतीनें आली होती. क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, "किती रुपये वाचले होते रे?"

आकडा सांगण्याचें मला धैर्य झालें नाहीं.