अध्याहृत शब्द

आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. पुढें एका शास्त्रीबुवांजवळ थोडें व्याकरण झालें, आणि त्या बळावर चौतीस वर्षें आम्हीं शाळेंत संस्कृत शिकविलें. त्या काळांत जडलेली एक संवय निवृत्तीनंतरहि सुटली नाहीं. ती म्हणजे कोणाच्याहि व्यवसायाचें मोल दोन शब्दांत ठरवून टाकण्याची.

आमची धाकटी सून संगणकशास्त्राची पदवीधर आहे. प्रोग्रॅम रचण्याचें काम सोडून तिनें सॉफ्टवेअरचें डॉक्युमेंटेशन, म्हणजे प्रोग्रॅमर लोकांनीं वाचावयाचे माहितीलेख, लिहिण्याचें काम पत्करलें. पाहुण्यांनीं विचारलें, "सूनबाई काय करतात?" कीं आम्ही म्हणत असूं, "दुसऱ्यांच्या कामाचीं टिपणें लिहिते. कारकुनीच म्हणा ना!" पाहुणे हंसत, आम्हीहि हंसत असूं. आंत चहा गाळणाऱ्या तिच्या कानांवर तें जात असेल, हा विचार आमच्या मनास कधीं शिवला नाहीं.

गेल्या आश्विनांत एके रात्रीं पाणी प्यावयास उठलों, तों माजघरांत दिवा दिसला. सूनबाई संगणकापुढें डोळे पुशीत बसली होती. आम्हांस पाहून ती उठूं लागली.

"बस, मुली. काय झालें?"

"मामंजी, माझ्या हातून चूक झाली," एवढेंच ती म्हणाली. मग हळूहळू सारें कळलें.

प्रकार असा होता. एका संगणकानें दुसऱ्याकडे मागणें पाठविलें, तर उत्तराची वाट किती वेळ पाहावी, हें एका आंकड्यानें सांगावें लागतें. त्यास 'टाइमआउट' म्हणतात. हा आंकडा मिलिसेकंदांत द्यावयाचा होता. पण तिच्या लेखांत तेवढाच शब्द राहून गेला. परगांवच्या एका प्रोग्रॅमरनें सेकंद समजून ३० लिहिले. यंत्रानें सेकंदाचे सहस्रांश धरले, आणि उत्तर येण्यापूर्वींच मागणें सोडून दिलें. चौघे जण दोन दिवस आपल्याच रचनेंत दोष शोधीत बसले होते.

आम्ही अंथरुणावर येऊन पडलों, पण झोंप येईना. महाभाष्याच्या आरंभींच पतंजलींनीं सांगितलें आहे, कीं सूत्रांतील पदें सुटीं करून दाखविणें म्हणजे व्याख्यान नव्हे. उदाहरण, प्रत्युदाहरण आणि वाक्यांत न उच्चारलेल्या शब्दाचा अध्याहार, हीं सर्व मिळून व्याख्यान होतें. हें आम्हीं मुलांस किती वेळां ऐकविलें असेल! आणि तेंच कार्य घरांत रोज चाललें असतां त्यास आम्ही कारकुनी म्हणत होतों.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं तिला आपण होऊन तिचें काम दाखवावयास सांगितलें. प्रत्येक आज्ञेचें नांव, तिला कोणतीं मूल्यें द्यावयाचीं, उत्तर काय मिळतें, चुकल्यास यंत्र काय बोलतें, आणि शेवटीं स्वतः चालवून पाहिलेलें उदाहरण, असा तिच्या लेखाचा क्रम असतो. आम्हीं विचारलें, "एकदां सांगितलेली गोष्ट पुन्हां कां लिहितेस? पाणिनीच्या सूत्रांत मागील पदाची पुढें अनुवृत्ति होते." ती म्हणाली, "मामंजी, तुमचा विद्यार्थी पहिल्या सूत्रापासून पाठ करीत येतो. माझा वाचक अडला म्हणजे शोधीत शोधीत एकदम मधल्याच पानावर उतरतो. मागचें त्यानें वाचलेलेंच नसतें." आम्ही निरुत्तर झालों. अर्धी मात्रा वांचली तरी वैयाकरणांस पुत्रजन्माचा आनंद होतो, अशी ख्याति आहे. येथें मात्र एक शब्द वांचल्यानें चौघांचे दोन दिवस गेले होते!

तिनें आणखी एक गोष्ट सांगितली. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनीं 'युनिक्स' प्रणालीची पहिली मार्गदर्शिका नोव्हेंबर १९७१ मध्यें सिद्ध केली. तींत आज्ञांच्या नोंदींत 'दोष' असें एक सदर ठेविलेलें होतें. आपल्या कृतींतील उणीव कर्त्यानेंच तेथें लिहून ठेवावयाची, म्हणजे वाचक फसत नाहीं. सूनबाईनेंहि तसेंच केलें. लेख गुपचूप सुधारून ती स्वस्थ बसली नाहीं. पूर्वीच्या लेखांत एकक दिलें नव्हतें, हें तिनें बदलांच्या नोंदींत स्पष्ट लिहिलें.

तें वाचतांना आम्हांस आमच्या पांच वर्षांच्या थट्टेची लाज वाटली. भाऊबीजेस आमचे मेहुणे आले. त्यांनीं नेहमींचा प्रश्न केला, आणि नेहमींच्या उत्तराच्या अपेक्षेनें ते हंसूंहि लागले. आम्हीं सूनबाईस बाहेर बोलावलें आणि तिच्यादेखत म्हटलें, "आजवर आम्हीं तुम्हांस चुकीचें सांगितलें. ती व्याख्यान लिहिते. आणि तें आमच्याहून चांगलें लिहिते."

ती कांहीं बोलली नाहीं. वांकून नमस्कार करून आंत गेली. मात्र त्या दिवसापासून नवा लेख लिहिला कीं ती तो आधीं आम्हांस आणून दाखविते, आणि विचारते, "मामंजी, कोठें एखादा शब्द अध्याहृत राहिला आहे का?" त्यांतलें यंत्र आम्हांस कळत नाहीं, पण गळलेला शब्द शोधणें हें आम्हांस अजून साधतें.