चहात बुडवलेलं लुगडं

दिवाळीच्या सुटीत नात पुण्याहून आली ती भलीमोठी बॅग घेऊन. मला वाटलं, नेहमीप्रमाणे महिनाभराचे धुवायचे कपडे असणार. उघडली तर वर एक नऊवारी लुगडं. नवंच होतं, पण सगळीकडून पिवळट-तपकिरी झालेलं.

"आज्जी, हे जुनं वाटतंय का गं?"

"जुनं नाही वाटत. चहा सांडल्यासारखं वाटतंय."

तिचं तोंड एवढंसं झालं. तिनं ते खरोखरच चहाच्या पाण्यात बुडवून काढलं होतं. कॉलेजचं काम होतं. एका नाटकातल्या बाईचे तीन वयांतले कपडे तयार करायचे, आणि हे लुगडं होतं साठीच्या बाईचं. म्हणजे माझ्याच वयाच्या बाईचं! गेल्या पन्नास-साठ वर्षांत साठीची बाई किती बदलली बघा.

फॅशन डिझाइनचं तिचं हे तिसरं वर्ष. घरात सगळे धरून चाललो होतो की पोरगी शिकून एखाद्या कपड्यांच्या एक्स्पोर्ट कंपनीत लागेल. तर आता हिच्या डोक्यात वेशभूषा. सिनेमा-नाटक-मालिकांचे कपडे. मला आधी दोन्हीतला फरकच कळेना. कपडे ते कपडे. मग तिनं समजावलं. कुर्ता विकायचा तर तो हजार जणींना आवडायला हवा आणि बसायलाही हवा. नाटकातला कपडा एकाच माणसाचा असतो. तो माणूस काय काम करतो, त्याच्याकडे पैसे किती, आज तो कुणावर रागावलाय, हे त्यानं तोंड उघडायच्या आधी कपड्यानं सांगायचं.

"मग या तुझ्या बाईनं दिवसभर काय काम केलं?" मी विचारलं.

ते काही तिला सांगता येईना.

मग मी माळ्यावरची ट्रंक काढायला लावली. आमच्या सासूबाईंची दोन लुगडी मी ठेवलेली आहेत. एक जमिनीवर पसरलं आणि आम्ही दोघी त्याच्या दोन बाजूंना बसलो. लुगडं सगळीकडं सारखं जुनं होत नाही हो. गुडघ्यावर ते आधी विरतं, कारण बाई उकिडवी बसून धुणं धुते, सारवते. निऱ्यांचा खालचा काठ जमिनीला घासून झिजतो, वरचा काठ मात्र चांगला राहतो. डाव्या खांद्यावर रंग उडतो, तिथं ऊन आणि घाम दोन्ही लागतात. सासूबाई पदराच्या टोकाला हात पुसायच्या, म्हणून तिथं हळदीचा डाग आहे, तो कितीही धुतला तरी पुरता गेलाच नाही. त्या रोज पहाटे विहिरीचं पाणी दुहेरी गाळण्यातून गाळायच्या, त्यानं कमरेपाशी खोचलेला पदर कायम ओला असायचा. तिथलं कापड वेगळंच मऊ पडलंय. ती जागा नातीनं डोळे मिटून बोटांनी चाचपून पाहिली.

आणि मधोमध ती उभी शिवण. "आज्जी, हे फाटलं होतं का?" अगं, हा दंड! लुगडं मध्ये विरलं की तेवढा भाग कापून टाकायचा आणि दोन्ही चांगली टोकं जोडून घ्यायची. दंड घातलेलं लुगडं नेसण्यात कुणाला लाज वाटत नसे. फक्त शिवण निऱ्यांत लपेल असं नेसायचं. तीन वर्षं फॅशन शिकलेल्या मुलीला हा शब्द माहीत नव्हता. तिच्या सरांनाही माहीत असेल की नाही कोण जाणे. तिनं मोबाईलवर चाळीस तरी फोटो काढले. चार दिवस खपून लुगड्याचा गुडघ्याचा भाग काचपेपरनं घासला, काठ दगडावर घासला, पदराला खरी हळद लावून धुतली, आणि मधोमध दंड घातला. तो मी घालून दिला, हे तिनं कॉलेजात सांगितलं की नाही ते विचारलं नाही.

पण खरा प्रश्न पुढेच होता. जानेवारीपासून सहा महिने बाहेर काम शिकायचं होतं. दोन ठिकाणं समोर होती. एका एक्स्पोर्ट कंपनीत दरमहा बऱ्यापैकी पैसे. दुसरीकडे एका जुन्या काळावरच्या मालिकेच्या वेशभूषेत मदतनीस, फक्त जाण्यायेण्याचा खर्च आणि जेवण. मुलाचा मार्केट यार्डात हळदीचा व्यापार. त्यानं लगेच बालगंधर्वांचा दाखला दिला. "एवढा मोठा माणूस! त्यांच्यासारख्या साड्या नेसायला बायका धडपडायच्या. उंची शालू, अत्तरं, आणि शेवटी मंडळी कर्जात बुडाली." सांगलीत राहायचं म्हणजे नाटकाचा दाखला दोन्ही बाजूंना मिळतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' इथंच केलं, तेव्हा सीतेला कुणीतरी सजवलंच असणार ना, असं नात पुटपुटली. पण बापासमोर मोठ्यानं नाही.

मी भानू अथैयांचं नाव काढलं. आपल्या कोल्हापूरच्या. वडील चित्रकार, त्या स्वतः जे.जे.त शिकल्या, आणि १९८२ च्या 'गांधी' सिनेमासाठी ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय झाल्या. मला नेहमी आश्चर्य वाटतं ते हे, की बक्षीस राजा-राणीच्या झगमगाटाला नाही मिळालं. त्या सिनेमात जास्त करून खादी, पंचे, जाडीभरडी धोतरं. सुटाबुटातला बॅरिस्टर पंच्यावर येतो, तो सगळा प्रवास कपड्यांतून दिसतो.

मुलगा म्हणाला, "आई, भानू अथैया एकच झाल्या."

हे मात्र खोटं नव्हतं. मी बी.कॉम. आहे, हिशेबाला नाही म्हणता येत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी वही घेऊन नातीला समोर बसवलं. खोलीभाडं, डबा, प्रवास. मालिकांमध्ये काम केल्यावर पैसे नव्वद दिवसांनी मिळतात, हे तिनंच सांगितलं. म्हणजे पुढं पगारी काम मिळालं तरी तीन महिन्यांचा खर्च आधी गाठीला हवा. आमच्या पुस्तकात याला खेळतं भांडवल म्हणायचे. शिवाय मदतनिसाला पुष्कळदा स्वतःच्या खिशातून बटणं, अस्तर, पिना आणाव्या लागतात आणि बिलं दाखवून पैसे मागावे लागतात. बिल हरवलं की पैसे गेले.

मग तिनं मला त्यांच्या कामाची पद्धत सांगितली, आणि मी वही बाजूला ठेवून ऐकतच राहिले. आधी संहिता वाचायची, प्रत्येक प्रसंगात कोण, कुठल्या दिवशी, सकाळ की रात्र, याचा तक्ता करायचा. प्रत्येक पात्राला प्रत्येक कपड्याचा नंबर. शूटिंग उलटसुलट होतं, दार उघडणं आज आणि आत येणं पंधरा दिवसांनी. तेव्हा बांगड्या तेवढ्याच, पदर त्याच खांद्यावर, डाग त्याच जागी हवा, म्हणून रोज फोटो काढून नोंद करायची. याला कंटिन्युइटी म्हणतात. पावसात भिजायचा प्रसंग असेल तर एकाच साडीचे दोन-तीन नग. आलेला माल, गेलेला माल, भाड्यानं आणलेलं कधी परत करायचं. अहो, हे तर सरळ स्टॉक रजिस्टर आहे! जुन्या नाटक कंपन्यांत कपडेपट सांभाळणारा माणूस असे, त्याचंच हे रूप. पदवी घेऊन चाळीसहून अधिक वर्षं झाली. मी कधी कुणाचं रजिस्टर लिहिलं नाही, किराण्याची यादी सोडून. हे तिला बोलले नाही. उभ्या रेघा मारून तिला एक नमुना मात्र करून दिला.

मुलाशी मीच बोलले. सहा महिन्यांची खोली माझ्या ठेवीच्या व्याजातून. तो गप्प बसला, म्हणजे होच.

हे सगळं ठरलं त्या रात्री ती पुन्हा ट्रंकेपाशी गेली आणि तळातला माझा लग्नातला शालू घेऊन आली. "आज्जी, हा दे ना. मालिकेत लग्नाचा प्रसंग आहे. असा आता मिळतच नाही."

माझ्या जुन्या वाचक मैत्रिणींना माहीत आहे, पर्युषणातल्या एका प्रवचनानंतर मी रेशीम सोडलं. एका साडीला हजारो कोष लागतात, आणि आतला जीव बाहेर यायच्या आत ते उकळतात, हे एकदा ऐकल्यावर मला ते अंगावर घेववेना. शालू तेव्हापासून तसाच आहे. नेसत नाही, कुणाला देतही नाही.

तिला म्हटलं, "आपल्यात तीन गोष्टी सांगतात. कृत, कारित, अनुमोदना. स्वतः करणं, करवून घेणं, आणि केलेल्याला बरं म्हणणं. तिन्ही सारखीच. तू उद्या बायकांना कपडे नेसवणार. डिझायनर म्हणाली रेशीम आण, तर आणशील?"

"मी मदतनीस आहे गं. सांगतील ते आणावं लागेल." मग थोडं थांबून म्हणाली, "जिथं मला विचारतील तिथं दुसरं सुचवीन. कॅमेऱ्याला लांबून कळत नाही. पण खोटं कशाला बोलू?"

खोटं बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

"आणि आज्जी, हा दिलास तर त्यांना नवा घ्यावा लागणार नाही. यातले किडे कधीच गेले."

बुडीत खर्च पुढच्या निर्णयात धरू नये, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत. तिला उत्तर देता आलं नाही. पण अंगावर नको म्हणून ठेवलेली वस्तू लाखो लोकांना छान दिसावी म्हणून द्यायची, ही अनुमोदनाच नाही का? की नवे कोष वाचतात ते जास्त? आमचे हे म्हणाले, महाराजांना विचार. विचारणारच आहे, विहार करत ते आमच्या बाजूला आले की.

नात आता वाईजवळच्या एका वाड्यात शूटिंगवर आहे. सूर्यास्ताच्या आत जेवते, दुपारीच डबा बाजूला काढून ठेवते म्हणे. रोज रात्री फोटो पाठवते, बहुतेक घडी घातलेल्या कपड्यांचे आणि नंबरांच्या चिठ्ठ्यांचे. लग्नाचा प्रसंग पुढच्या महिन्यात आहे. परवा मी शालू काढून सावलीत दोरीवर टांगला, घड्या बदलल्या, नाहीतर जर तुटते. संध्याकाळी आत आणला, पण ट्रंकेत नाही ठेवला अजून. पलंगावर आहे.