देणाऱ्याचीही विचारपूस

पांढुर्णा म्हटलं की बाहेरच्यांना गोटमार आठवते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. सौंसर माझं आजोळ. 2023 पासून तेही पांढुर्णा जिल्ह्यातच आलं. मला मात्र तिकडचा आठवतो तो मावशीचा चार मिलिमीटरचा खडा. मराठीत मूतखडा म्हणा की कानडीत कल्लु, कळ सारखीच.

मावशीनं मुलाला एक मूत्रपिंड दिलं होतं. येणारा-जाणारा मुलाची चौकशी करी. तिला कुणी विचारत नसे. काही वर्षांनी तिच्या कमरेत कळ उठली. "त्याले सांगू नको वं, जिवाले लावून घेईन थो," एवढंच ती म्हणाली. नागपूरच्या तपासणीत उरलेल्या मूत्रपिंडात खडा निघाला.

दोन मूत्रपिंडं असली की एकाची वाट अडली तरी दुसरं काम सांभाळतं. एकच असेल आणि खडा आडवा आला, तर लघवीच थांबू शकते. म्हणून दात्याला कळ, ताप किंवा लघवी कमी अशी लक्षणं दिसली, तर घरगुती काढ्यात दिवस घालवू नयेत. मावशीचा खडा सुदैवानं आपसूक पडला. मोठा असता तर दुर्बिणीनं काढावा लागला असता.

दानापूर्वी सीटी स्कॅन होतो. एखादा लहान खडा दिसला म्हणून दान दरवेळी नाकारत नाहीत. बहुधा खड्याचं मूत्रपिंड काढून घेतात आणि निर्दोष दात्याकडे ठेवतात.

पुढची काळजी साधीच आहे. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यावं. उन्हाळ्यात त्याहून जास्त. मीठ कमी करावं. दूध-दही मात्र बंद करू नये. त्यातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवतं. आमच्याकडची संत्री आणि लिंबू यांतलं सायट्रेट खड्याला आवर घालतं. पण 'क' जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या आणि दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या टाळाव्यात.

आपल्या देशात मूत्रपिंड देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त. दुखणं अंगावर काढायची सवयही बायकांनाच. आपल्या घरात असा दाता असेल, तर वर्षातून एकदा तिचा रक्तदाब, लघवी आणि क्रिएटिनिन तपासून घ्या. तिनं नको म्हटलं तरी.