मागील पानावरून पुढे

मी १९९९ साली बँकेत चिकटलो तेव्हा आमच्या शाखेत अजून लेजरं होती. पान भरलं की तळाशी बेरीज मारायची आणि नव्या पानाच्या डोक्यावर 'मागील पानावरून पुढे' असं लिहून तीच रक्कम उतरवायची. त्यात एका पैशाची चूक झाली तरी सगळी शाखा रात्री आठपर्यंत डोकी धरून बसे. त्यामुळे कशाचाही दुसरा भाग निघाला की आधीची शिल्लक बरोबर उतरवली आहे की नाही, हे मी आधी पाहतो. बी.कॉम. झालेल्या माणसाला कलेचा आस्वाद याहून वेगळ्या रीतीने घेता येत नाही.

गेल्या महिन्यात माझ्या वाढदिवसाला चिरंजिवांनी त्यांच्या लॅपटॉपवर 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा दुसरा भाग चालू करून दिला. "बाबा, तुमच्या काळातला आहे," असं वर म्हणाले. जणू मी शिवाजी महाराजांच्या पागेत कारकून होतो. खेळ १९९३ चा. पहिला भाग १९८९ चा. तो आम्ही खेळलो १९९४ साली, साताऱ्यात, एका कॉम्प्युटर क्लासमध्ये. तिथे चपला बाहेर काढून, देवळात जावं तसं आत जावं लागे. कोर्स दादा करत होता. मी त्याचा डबा घेऊन जायचो, म्हणजे तसं घरी सांगायचो.

पहिल्या भागाची हकिकत अगदी थोडक्यात आहे. सुलतान लढाईवर गेलेला. वजीर जाफर राजकन्येला म्हणतो, तासाभरात माझ्याशी लग्नाला हो म्हण, नाहीतर मर. आपण तळघरात कैदी. अंगावर पांढरे कपडे, हातात काही नाही. तलवारसुद्धा आपली आपण शोधायची. एकूण बारा मजले आणि साठ मिनिटं. आठव्या मजल्यावर दरवाजा बंद झाला की राजकन्या एक उंदीर पाठवते आणि तो कळ दाबून दार उघडतो. सरकारी कचेरीत सुद्धा इतक्या छोट्या शिपायाने इतकं मोठं काम केलेलं मी पाहिलेलं नाही.

सरांचं जेवण पाऊण तासाचं आणि राजकन्येची मुदत एक तासाची. त्यामुळे कित्येक दिवस बिचारीचा जीव सरांच्या डब्यावर टांगलेला होता.

कळफलक एक, भाऊ दोन. तेव्हा वाटणी झाली. बाणांच्या कळा माझ्याकडे, 'शिफ्ट' दादाकडे. म्हणजे धावायचं, उड्या मारायच्या, शत्रूचा वार अडवायचा तो मी. आणि कठड्याला लटकायचं, औषध प्यायचं आणि तलवार मारायची ती दादाने. कष्ट माझे, पराक्रम दादाचा. आमच्या घरातली एकूण रीतच ती. पण मी उडी मारली आणि दादाने वेळेवर शिफ्ट दाबलं नाही, असं फारसं झालं नाही. तो कठडा पकडणार हे धरूनच मी उडी मारायचो. (पुढे कुठेतरी वाचलं, की हा खेळ करणाऱ्या जॉर्डन मेकनरने १९८५ साली आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली काढल्या. तिथेही धावला तो धाकटाच!)

चौथ्या मजल्यावर एक आरसा आडवा येतो. त्यातून उडी मारली की आपली सावली सुटी होऊन पळते. मग ती आपलं औषध पिते, आपल्या तोंडावर दार लावते आणि बाराव्या मजल्यावर तलवार उपसून समोर उभी राहते. तिला वार केला की घाव आपल्यालाच. दोन-तीनदा आम्ही असे स्वतःच्याच हातून मेलो. सरांच्या घरी लग्न होतं त्या दिवशी मात्र दादाने शिफ्टवरचं बोट उचललं आणि म्हणाला, "म्यान कर." मी खालचा बाण दाबला. सावलीनेही तलवार म्यान केली. दोघं एकमेकांकडे धावले आणि एक झाले. दादाने ओरडू नये म्हणून माझं तोंड दाबून धरलं होतं, नि ओरडत होता तो स्वतः.

आता दुसरा भाग. रंग झकास आहेत. गच्च्यांवरून पळापळ आहे, गलबत आहे, बेट आहे, उडता गालिचा आहे. मुदत साठची पंचाहत्तर मिनिटं केली आहे, बहुधा महागाई लक्षात घेऊन. पण शिपाई पाठोपाठ येतात. एकाशी लढून घाम पुसावा तो दुसरा हजर, पासबुक भरायच्या रांगेसारखा. पहिल्यात तळघराची शांतता होती, आपल्याच पावलांचा आवाज होता, भीती वाटायला फुरसत होती. इथे घाबरायलाही सवड नाही. सावली इथेही निघते, पण ती आता पवित्र ज्योत चोरायच्या कामाला लावली आहे.

आणि शिल्लक तर उतरवलेलीच नाही! पहिल्या पानाच्या तळाशी राजकन्या जमा होती. नवं पान उघडतं ते असं, की राजपुत्र दरबारात येतो तर जादूने त्याचा भिकारी झालेला. त्याचा चेहरा घेऊन जाफर तिथे उभा. कुणी त्याला ओळखत नाही. शिपाई धावून येतात आणि हा खिडकीतून उडी टाकतो. हिशेबतपासनीस म्हणून मी हे कधीच पास करणार नाही.

पण खरं सांगू? एवढा भाग मी चार वेळा पाहिला. आमच्या शाखेत हजेरीचं यंत्र आलं तेव्हा त्याने माझा अंगठा ओळखला नव्हता. पंचवीस वर्षं नोटा मोजून रेषा झिजल्या, असं कळलं. पंधराव्या वर्षी मी हा प्रसंग फालतू म्हणून सोडून दिला असता.

अडलो मात्र पुढे. पडक्या वाड्यासारख्या अवशेषांत नुसती मुंडकी उडत येतात आणि चावतात. बाणही मीच दाबायचे, शिफ्टही मीच. ते जमेना. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "भाऊजींना विचारा की."

दादा नागपुरात असतो. आमच्या खऱ्या वाड्याच्या वाटणीवरून दीड वर्ष आम्ही बोलत नव्हतो. कारण सांगत बसलो तर तुम्हीही त्याचीच बाजू घ्याल, म्हणून सांगत नाही.

त्या रात्री अकराला मी मोबाइलवर लिहिलं : "उडती मुंडकी कशी मारायची?" दुसरं काही लिहिलं नाही. नमस्कारसुद्धा नाही.

दोन निळ्या खुणा आल्या. मग बराच वेळ काही नाही. मी पाणी पिऊन आलो.

उत्तर आलं होतं : "तू फक्त अडव. शिफ्ट मी आलो की."