चुकलेला बाण

कमठा म्हणजे बांबूचे साधे धनुष्य. भिल्ल समाजात त्याची दोरीदेखील बांबूच्या चिवट सालीची पट्टी काढून करतात. सातपुड्यातील एका मिशन केंद्रावर सेवा करीत असताना मी कमठा हाती घेतला, तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. माझे गुरू पाड्यावरचे एक वृद्ध गृहस्थ. शाळेची पायरी ते चढले नव्हते; वाऱ्याचा अंदाज मात्र त्यांना अचूक येई.

पहिला धडा अंगठ्याचा. दोरी तर्जनी व मध्यमा या दोन बोटांनी ओढावयाची; अंगठा दूर ठेवावयाचा. एकलव्याने दिलेला अंगठा आपण कसा वापरावा, असे बाबा म्हणत. महाभारतातील तो अन्याय दोन बोटांच्या सवयीत जपलेला पाहून मी स्तब्ध झालो. दुसरा धडा सोडण्याचा. बाण फेकावयाचा नसतो. बोटे अलगद सैल करावयाची असतात. हाताने हिसका दिला की बाण भरकटतो.

तिसऱ्या धड्याने मला सेमिनरीत शिकलेल्या एका शब्दाची आठवण करून दिली. हिब्रू भाषेत पाप करणे यासाठी ‘हाता’ हे क्रियापद आहे. शास्ते या ग्रंथाच्या २० व्या अध्यायात ७०० डावखुऱ्या गोफणधाऱ्यांचा उल्लेख येतो. केसावर नेम धरला तरी तो चुकत नसे, असे तेथे म्हटले आहे. या चुकण्यासाठी मूळ भाषेत त्याच धातूचे रूप योजिले आहे.

बाण चुकला की बाबा रागावत नसत, हसतही नसत. “जा, घेऊन ये,” एवढेच म्हणत. तो कोठे पडला, किती डावीकडे गेला, हे पाहिल्यावाचून पुढचा नेम सुधारत नाही. शिवाय बोरू निवडून, पिसे बांधून, फाळ बसवून केलेला बाण गवतात टाकून देणे कोणाला परवडते?

पापाला आपण केवळ डाग समजतो, आणि डाग लपवावासा वाटतो. म्हणून कित्येक श्रद्धावंत वर्षानुवर्षे प्रायश्चित्त संस्कारापासून दूर राहतात. चुकलेला बाण कोणाला तरी लागलेला असू शकतो. त्या जखमेची भरपाई करणे हे बाण सोडणाऱ्याचेच कर्तव्य होय. परंतु त्यासाठीही प्रथम गवतात उतरून तो शोधावा लागतो. पापनिवेदन म्हणजे हेच उतरणे. लक्ष्य जागचे हललेले नसते, गुरूही वाट पाहत उभे असतात. उजेड आहे तोवर आपला बाण आपण घेऊन यावा.